रिकाम्या सुया

९ मार्च

विहीणबाई,

नमस्कार घ्या आणि बसून वाचा. फोनवर हल्ली तुम्ही "आवाज तुटतोय" म्हणून सुटका करून घेता, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राचा आवाज तुटत नाही.

सरळ विचारते, आमचं काय चुकलं? गोटीचा जन्म झाला त्या दिवशी तुम्ही एवढ्या लांबून गाडी पकडून आलात. खोलीच्या दारातच थांबलात, तिथूनच मान उंच करून नातीला पाहिलंत आणि परतीच्या गाडीने निघून गेलात. मी तिला दुपट्यात गुंडाळून तुमच्याकडे आणलं, तर तुम्ही चक्क मागे सरलात. वॉर्डातल्या नव्या पोरी कुजबुजायला लागल्या. मी त्याच दवाखान्यातून हेडसिस्टर म्हणून निवृत्त झाले आहे, त्यांना गप्प करायला माझी एक नजर पुरते. पण माझ्या मनाला कोण गप्प करणार?

त्यानंतर "पुढच्या आठवड्यात नक्की येते" हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता दिनदर्शिकेचाच भरवसा वाटत नाही. आपलं ठरलं होतं काय? सूनबाईची रजा जूनमध्ये संपणार, मग तुम्ही इथे येऊन राहायचं आणि ती कामावर गेली की गोटीला बघायचं. माझ्या गुडघ्यांची कथा तुम्हाला ठाऊक आहे. बसले तर उठवत नाही आणि उठले तर बसवत नाही, त्यात मूल कुठे घेऊ?

तुमची लेक काही बोलत नाही, हसून साजरं करते. पण परवा बाथरूमचा नळ बराच वेळ वाहत होता आणि आत अंघोळ चालली नव्हती, एवढं मला कळतं. काल म्हणाली, "आईला बाळ नको वाटत असेल तर राहू दे. आपण पाळणाघर बघू." 

लग्नात कुठे मानपानात कमी पडलं का? माझी धाकटी बहीण तुमच्या दुकानाला 'रद्दीचं दुकान' म्हणाली होती, ते कानावर आलं असेल तर तिच्या वतीने मी माफी मागते. पुस्तकं बांधणं आणि रद्दी विकणं यातला फरक तिला कळत नाही. तिला एकूणच फार कमी कळतं. पण आमचा राग त्या लेकरावर काढू नका.

उत्तराची वाट पाहते. सबबींची नाही.

तुमची,
गोटीची दुसरी आजी


१६ मार्च

विहीणबाई,

तुमच्या बहिणीचं ते वाक्य मला तुमच्या पत्रातूनच कळलं. कळवल्याबद्दल आभार.

तुमचं काहीही चुकलेलं नाही. झालं ते असं.

लेकीचं बाळंतपण जवळ आलं तेव्हा माझ्या डाव्या कुशीत आग व्हायला लागली. मला वाटलं, दाबयंत्राचा दांडा ओढताना काही लचकलं असेल. तुम्ही फोन केलात, "मुलगी झाली!" मी पिशवी भरली, अंघोळीला गेले, तर पाठीपासून छातीखालपर्यंत पट्टाच्या पट्टा पाण्याच्या फोडांचा. नागीण. गाडी धरण्याआधी डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, गोळ्या लगेच सुरू करा, आणि खपल्या धरून पडेपर्यंत तान्ह्या बाळाजवळ जायचं नाही, तिला तुमच्यामुळे कांजिण्या होऊ शकतात. मी फोड झाकून घेतले आणि तरीही आले, कारण न बघता राहवेना. दारात थांबले कारण आत येता येईना. तुम्ही बाळ घेऊन आलात तेव्हा, खरं सांगते, मला पळून जावंसं वाटलं.

लेकीला सांगितलं नाही. तिचे टाके ओले होते. सांगितलं असतं तर तिने बाळाकडे बघायचं सोडून माझाच घोर लावून घेतला असता. माझीच लेक आहे, मला माहीत आहे.

फोड गेले. आग गेली नाही. आता अंगावर पाहिलं तर फिकट डागांशिवाय काही दिसत नाही, आणि तीच तर पंचाईत आहे. फोड दाखवता येतात, दुखणं काय दाखवणार? ज्याचं जळतं त्यालाच कळतं. हाडावर हात दाबून ठेवला तर चालतो, पण कपड्याचं टोक नुसतं घासलं तरी डोळ्यांत पाणी येतं. पंख्याचा वाराही सोसत नाही. शेवटी दुकानातला जाड पुठ्ठा ओला करून कुशीच्या आकाराला वाकवला, कडा घासून घेतल्या, त्यांना मऊ कापड लावलं आणि फितीने खांद्याला अडकवला. दुखऱ्या भागाबाहेर त्याच्या कडा टेकतात, मधे पोकळी राहते. कपडा त्या पुठ्ठ्यावर राहतो. तेवढ्यावर घडी घातलेल्या पानांचे फर्मे शिवते, खळ लावते, पुस्तकं बांधते.

तरी या अवस्थेत आले असते. पण मागच्या महिन्यात शेजारच्या घड्याळवाल्याची नात धावत आली आणि तिने माझ्या कमरेला मिठी मारली. नेहमीसारखीच. मी तिला ढकललं. विचार करून नव्हे, हातच गेला. ती टेबलाच्या पायावर आपटली, ओठ फुटला. तिने आजोबांना सांगितलं, "पडले." माझं नाव घेतलं नाही.

विहीणबाई, ती चार वर्षांची धडधाकट पोर होती. गोटी माझ्या खांद्यावर असताना माझा हात असा गेला तर? ही भीती आहे. बाळ नको म्हणून नाही, बाळ हातातून जाईल म्हणून येत नाही.

गोळ्या चालू आहेत, त्यांनी झोप लागते, आग थोडी बोथट होते. आता छापखान्याच्या मालकीणबाईंनी सांगितलं म्हणून एका सुयावाल्या डॉक्टरीणबाईंकडे जायला लागले आहे. त्या अंगात बारीक सुया टोचून ठेवतात. हसू नका.

आणि लेकीला यातलं काही सांगू नका.

तुमची,
रद्दीवाली


२१ मार्च

विहीणबाई,

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं माझं झालं. तुम्ही दारात का थांबलात ते तुम्ही सांगितलं नाहीत हे खरं, पण मीही विचारलं कुठे? सरळ रुसवा धरला. मागचं पत्र फाडून टाका. नको, ठेवा, पुढे कधी भांडले तर मला वाचून दाखवा.

आता सुयांचं. मी हसले नाही, मी कपाळावर हात मारून घेतला. जन्मभर सुया टोचल्या, म्हणून सांगते, सुई ही औषध आत पोचवायची वाट आहे. औषधच नसेल तर ती नुसती टोचणी. रिकामी सुई टोचून घ्यायची हौसच होती तर माझ्याकडे यायचं, मी फुकट टोचल्या असत्या! त्या बाई शिकलेल्या आहेत की कुणाच्या सांगण्यावरून टोचत सुटल्या आहेत? सुया एकाच्या काढून दुसऱ्याला लावतात का? गोळ्या बंद करा म्हणाल्या का? तसं म्हणाल्या असतील तर त्याच पावली परत फिरा.

नुसतं लिहून माझा जीव राहणार नाही. मी येते. स्टेशनवर येऊ नका, सोय करू नका, गुडघे माझे मी आणीन.

सूनबाईला सांगणार नाही. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही ही माझ्या माहेरची जुनी तक्रार आहे, ती लक्षात असू द्या.

तुमची,
विहीण


१२ एप्रिल

विहीणबाई,

सुखरूप पोचले. तुम्ही बांधून दिलेली वही इतकी सुरेख आहे की तिच्यात वाण्याची यादी लिहायला हात धजत नाही.

तुमच्याकडे असताना मी फार बोलले नाही, आणि ते तुम्हाला खटकलं असेल. मी गप्प होते कारण मला विचार करायचा होता. त्या सुयावाल्या बाईंच्या खोलीत तुम्ही कुशीवर, भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून पडला होतात. मी स्टुलावर बसून सगळं बघत होते. तुम्हाला जे दिसलं नाही ते सांगते.

तुम्ही आत यायच्या आधी त्या बाईंनी पंखा बंद केला. एवढा उकाडा, खोली लहान, त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता, पण तुम्ही बाहेर पडेपर्यंत त्यांनी बटणाला हात लावला नाही. मी जन्मात किती डॉक्टर पाहिले, त्यांतल्या कितींच्या हे ध्यानात आलं असतं? माझ्या तरी आलं नसतं, मी पंखा लावला असता आणि वर विचारलं असतं, "बरं वाटतंय ना?"

दुसरं, त्या तुम्हाला न सांगता एकदाही शिवल्या नाहीत. "मी आता पाठीमागे येतेय." "आता बोट ठेवते, कण्याजवळ, जिथे दुखत नाही तिथे." तुमचे खांदे आधी कानांना टेकले होते. हळूहळू ते जागेवर आले. मग त्यांनी कापसाची वात घेतली, चांगल्या कातडीवरून दुखऱ्या बाजूला आणत गेल्या, तुम्ही "इथे" म्हणालात की थांबायचं आणि तिथे पेनाने खूण करायची. अशी सगळी सीमा आखली. दुखऱ्या पट्ट्यात एकही सुई लावली नाही! मला वाटलं होतं, जिथे आग तिथेच भोसकतील. त्यांनी सीमेच्या बाहेर बाहेर लावल्या, कण्याच्या कडेने लावल्या, हातापायांवर लावल्या. केसाएवढी सुई, नळीतून टिचकी मारली की आत. मी हाताची इतकी हलकी टिचकी पाहिली नव्हती. माझा स्वतःचा हात हलका म्हणून वॉर्डात नाव होतं, तेव्हा मला त्यातलं कळतं.

सुयांची पाकिटं माझ्यासमोर फोडली, आणि काढलेल्या सुया झाकणाच्या डब्यात. मी डबा उचलून पाहिला. त्या म्हणाल्या, "सिस्टर आहात ना?" मी म्हटलं, "कशावरून?" तर म्हणाल्या, "पेशंटआधी कचरा बघितलात."

तुम्ही कपडे घालायला गेलात तेव्हा मी त्यांना गाठलंच. म्हटलं, सुई रिकामी, मग आत जातं काय? त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "आत काही जात नाही. दुखणं वाहून नेणाऱ्या नसा यामुळे शांत होतात असं आम्ही समजतो, पण सगळं उलगडलंय असं मी म्हणणार नाही. काहींना आराम पडतो, काहींना नाही. यांना पडतोय का, ते मी नाही, ही पेनाची रेघ सांगेल. आणि गोळ्या त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही कमी करायची नाही." विहीणबाई, मी भांडायची पूर्ण तयारी करून गेले होते. तिथे भांडायला काही मिळेना. "मला ठाऊक नाही" हे इतक्या सरळ मानेने सांगणारं माणूस मला फार आवडतं.

आणि आणखी एक, जे मला मुद्दाम सांगायचं आहे. सुया लावून झाल्यावर तुमची मूठ उघडली. तुम्ही मूठ आवळून बसता हे मला घरीच दिसलं होतं, जेवताना, बोलताना, झोपेतसुद्धा. ती उघडली आणि बोटं चादरीवर सैल पडली. मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघितलं. बाई, तुम्ही हे एकटीने इतके महिने सोसलंत, दुकान चालवलंत, पुठ्ठा वाकवून अंगावर घेतलात आणि तक्रारीचा शब्द नाही. माझ्या वॉर्डात मी मोठमोठे पुरुष याच दुखण्याने आडवे होऊन रडताना पाहिले आहेत. तुमच्यापुढे मी हात जोडते.

आता वाईट बातमी. मी सांगितलं.

घरात पाऊल टाकलं तर सूनबाई दारातच उभी. "आई, तुम्ही गुडघा दाखवायला नव्हता गेलात. माझ्या आईशी भांडायला गेला होतात ना? काय म्हणाली ती? बाळ नको, असंच ना?" तिचा तो चेहरा बघून मी काय करणार होते? सगळं सांगितलं. नागीण, दार, पुठ्ठा, ती घड्याळवाल्याची नात, सगळं. ती गोटीला घेऊन तशीच तुमच्याकडे निघाली होती. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. म्हटलं, "तिची तिला येऊ दे. तिला आत्ता तू नकोस, तिला धीर हवाय." तिने माझं ऐकलं, पण माझ्याशी दिवसभर बोलली नाही. फोन करत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. करायला घेते आणि रडू येतं म्हणून ठेवते.

काय शिक्षा द्यायची ती द्या.

तुमची,
तीळ न भिजणारी


६ मे

विहीणबाई,

तुमच्यावर राग धरला होता. आठवडाभर टिकला. मग लेकीचं पत्र आलं, त्यात एवढंच होतं: "आई, तू सांगितलं असतंस तर मी रडले असते हे खरं. नाही सांगितलंस म्हणूनही रडलेच. मग तू वाचवलंस काय?"  तेव्हा तुमची शिक्षा माफ.

रेघ आत सरकते आहे. पाठीकडचा भाग जवळजवळ मोकळा झाला. दर वेळी त्या बाई नवी सीमा आखतात आणि मी घरी येऊन पुठ्ठ्याची तेवढी पट्टी कापून टाकते. मधे एकदा सगळं उलटलं. काही दिवस पुन्हा पहिल्यासारखी आग. मी चिडून म्हटलं, "तुमच्या सुया फसल्या." त्या म्हणाल्या, "फसल्याही असतील. आपण अजून थोडं बघू, आणि रेघ हलली नाही तर मीच तुम्हाला थांबा म्हणेन." त्यांनी मला खोटी आशा दाखवली असती तर मी गेलेच नसते परत. त्या दिवशी गेले ते या बोलण्यामुळे. रेघ हलली.

त्यांच्याबद्दल तुम्ही पानं भरून लिहिलंत, मला तसं लिहिता येत नाही. माझ्या धंद्यात एक आहे. पुस्तक दुरुस्तीला आलं की काही बांधणारे आधी ते फाडतात, मग शिवतात. काही जण आधी हातात धरून बसतात, कुठे सुटलंय ते बघत. त्या दुसऱ्या जातीच्या आहेत.

आता हसा. मी सराव करते. कोऱ्या फर्म्यांचा गठ्ठा गोटीच्या वजनाचा करून टॉवेलात गुंडाळते आणि डाव्या कुशीशी धरून दुकानात फेऱ्या मारते. परवा एक प्राध्यापक प्रबंध बांधायला आले, मला त्या गठ्ठ्याला थोपटताना पाहून दारातूनच म्हणाले, "मी नंतर येतो." अजून आले नाहीत.

पण गठ्ठा हलत नाही, लाथा मारत नाही. खरी परीक्षा काल झाली. घड्याळवाल्याची नात ओठ फुटल्यापासून लांबूनच बोलायची. काल मी तिला हाक मारली, खाली बसले आणि म्हटलं, "मिठी मार. जोरात." तिने विचारलं, "ढकलणार नाही ना?" मी म्हटलं, "माहीत नाही. बघू या." तिने फार जपून हात टाकले. लागलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण हात जागेवर राहिला. तिच्या पाठीवर.

मी येते. जूनमध्ये, ठरल्याप्रमाणे. पूर्ण बरी होऊन नाही, तळहाताएवढी जागा उरली आहे आणि ती राहील असं त्या बाईंना वाटतं.

तुमची,
विहीण


२४ जून

विहीणबाई,

तुम्ही बहिणीकडे निघून गेलात ते गुडघ्यांना विश्रांती द्यायला नव्हे, आम्हा मायलेकींना घर मोकळं करून द्यायला, हे मला कळत नाही असं समजू नका. तुम्ही कधी एक शब्द न बोलता एवढं काही कराल असं वाटलं नव्हतं. तुमच्या बहिणीला माझा नमस्कार सांगा. रद्दी असेल तर पाठवून द्या म्हणावं.

आल्या दिवशी लेक माझ्याशी नीट बोलेना. बाळाला माझ्याजवळ देईना. "आज नको, दमली असशील." दुसऱ्या दिवशीही तेच. मला कळलं, आता ती घाबरते आहे, माझ्याऐवजी. तिसऱ्या दिवशी तिची कामावर जायची वेळ झाली, पर्स खांद्याला, गोटी कडेवर, आणि ती नुसतीच उभी. मी म्हटलं, "दे." म्हणाली, "उजव्या बाजूला घे. मी उशी लावून देते." मी म्हटलं, "तू जा." तिने बाळ माझ्या हातात ठेवलं आणि दार ओढून घेतलं. तिची पावलं जिन्यावर वाजली नाहीत. बराच वेळ दाराबाहेरच उभी होती.

गोटीला उजवी-डावी काय कळणार? तिने आधी माझा चष्मा ओढला, मग केस, मग मला जरा निरखून पाहिलं, आणि दुपारचं दूध पिऊन झाल्यावर डोळे चोळत नेमकं डावीकडे कलून, त्याच तळहाताएवढ्या जागेवर डोकं ठेवून झोपून गेली.

आग लागली, विहीणबाई. घाम फुटला. तिला हळूच उचलून दुसरीकडे घेता आलं असतं, उशी हाताशी होती. माझा हात तिच्या पाठीवर होता आणि तो हलला नाही. मी श्वास घेतला की तिचं डोकं वर यायचं, सोडला की खाली. इतके महिने जिथे मी वाऱ्यालासुद्धा येऊ दिलं नाही, तिथे तिची लाळ गळून कपडा ओला झाला. दुखत होतं आणि मला उठायचं नव्हतं. दोन्ही एकदम. दुपार उतरेपर्यंत मी तशीच बसून होते आणि माझ्यासारखी सुखी बाई त्या वेळी दुसरी कुठे नव्हती.

लेक आली, तिने दारातून हे पाहिलं, आणि पर्स खाली ठेवून माझ्या उजव्या खांद्यावर डोकं टेकून तीही बसली.  दोघींचं वजन माझ्यावर.

तुमच्या गुडघ्यांना पुरती विश्रांती मिळू द्या. घराची काळजी करू नका, गोटीची तर मुळीच नको. परत नक्की या. घाई मात्र अजिबात करू नका.

तुमची,
गोटीची आजी